इंग्रजी लेखनपरीक्षेचा इतिहास व आमचीं मुलें

धर्मग्रामाच्या ज्युबिलीच्या मंगल प्रसंगीं पूर्वजांनीं बांधलेलें देऊळ, त्यांनीं घामाच्या पैशांतून आणलेली घंटा आणि ह्या वेदीपाशीं सेवा करून देवाघरीं गेलेले धर्मगुरु ह्यांचें स्मरण करणें हें आपणां सर्वांचें कर्तव्य होय. आम्ही मात्र ह्या पानांतून त्याहून लहान अशा एका वस्तूकडे वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों. ती वस्तु म्हणजे शाळकरी मुलाची वही. देवळाच्या शेजारीं शाळा असावी, हा आमच्या ख्रिस्तमंडळीचा फार जुना परिपाठ आहे. आणि त्या शाळेंतील वह्यांपैकीं जी उघडतांना मुलाचा हात सर्वांत अधिक कांपतो, ती वही इंग्रजी निबंधाची.

दरसाल परीक्षेचे दिवस जवळ आले म्हणजे घरोघरीं तोच देखावा दिसतो. गणितांत चपळ आणि चित्रकलेंत निपुण असा मुलगा इंग्रजी पत्रलेखनाचा प्रश्न समोर येतांच लेखणी खालीं ठेवतो. बाप वाडींत केळींना पाणी देऊन आलेला असतो. आई पहांटेच्या गाडीनें भाजी घेऊन शहरांत जाऊन आलेली असते. दोघेंहि मुलाजवळ बसतात, पण करणार काय? अखेरीस आईच्या तोंडून उद्गार निघतो, “आपल्या घरांत कोणाला इंग्रजी येत नाहीं, मग आपल्या पोराला तें कुठून येणार?” हा उद्गार आम्हीं इतक्या वेळां ऐकला आहे कीं, त्याचें उत्तर शोधणें हें आम्हांस ह्या ज्युबिलीच्या वर्षीं एक ऋणच वाटूं लागलें आहे. आमच्या मतें तें उत्तर इतिहासांत आहे, आणि तें आशेचें आहे.

आरंभ वसईच्याच एका पुत्रापासून करूं. संत गोन्सालो गार्सिया ह्यांचा जन्म वसईचा. लहानपणीं ते येथील जेज्वीट धर्मगुरूंच्या सहवासांत वाढले आणि कोवळ्या वयांतच त्यांच्याबरोबर दूर जपानास गेले. जपानी भाषा त्यांच्या घरांत कोणास येत होती? कोणासच नाहीं. तरी तेथील लोकांत राहून, त्यांस धर्मशिक्षण देतां देतां, त्यांनीं ती भाषा इतकी आत्मसात् केली कीं, पुढें फ्रान्सिस्कन संघांत बंधु म्हणून दाखल झाल्यावर 1593 मध्यें जपानचा सत्ताधीश हिदेयोशी ह्याजकडे जें शिष्टमंडळ फिलिपाइन्सहून गेलें, त्याच्या दुभाष्याचें काम त्यांच्याकडे आलें. 5 फेब्रुवारी 1597 रोजीं नागासाकी येथें क्रुसावर त्यांनीं रक्तसाक्ष दिली, आणि 1862 सालीं पोप नववे पायस ह्यांनीं त्यांस संतपद दिलें. वेदीवर त्यांची मूर्ति पाहून आपण नतमस्तक होतों. पण परक्या भाषेचे धडे गिरविणारा वसईचा मुलगा म्हणूनहि त्यांच्याकडे पाहण्यासारखें आहे.

त्याच काळीं एक प्रवास उलट दिशेनें घडला. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडांत जन्मलेले जेज्वीट धर्मगुरु 1579 मध्यें गोव्यास पोंचले. त्या वेळीं त्यांचें वय सुमारें तीस वर्षांचें होतें. म्हणजे जिभेचें वळण पक्कें होऊन गेलें होतें. तरीहि साष्टींतील खेड्यापाड्यांतून राहून त्यांनीं लोकांची भाषा शिकून घेतली, कोंकणी भाषेचें व्याकरण रचिलें, आणि दहा हजारांहून अधिक ओव्यांचें ‘ख्रिस्तपुराण’ मराठींत लिहिलें. तें 1616 सालीं रायतूर येथें छापलें गेलें. ज्याची मातृभाषा इंग्रजी, त्याला मराठींत पुराण रचतां आलें. तर ज्याची मातृभाषा मराठी, त्याला इंग्रजींत एक पानभर पत्र लिहितां येऊं नये, असा कांहीं ईश्वरी नियम नाहीं.

हीं उदाहरणें थोर पुरुषांचीं आहेत, आणि त्यांतून एवढेंच दिसतें कीं, घरांतील अज्ञान हा भाषेच्या वाटेवरील अटळ अडथळा नव्हे. परंतु भाषा बोलणें निराळें, आणि ठराविक वेळांत, कोणास न विचारतां, परीक्षकासाठीं ती कागदावर उतरविणें निराळें. आपल्याकडील जुन्या पंतोजींच्या शाळेंत मुलें पाढे म्हणत, मोडी अक्षर गिरवीत, आणि जी काय परीक्षा होई ती बहुधा तोंडी होई. सर्व मुलांस एकच विषय, एकच वेळ आणि एकच नियम लावून लेखी परीक्षा घेण्याची जी रीत, तिचा एक मोठा उगम कॅथोलिक शाळांत आहे, हें आपल्यांपैकीं पुष्कळांस ठाऊक नसेल.

येशुसंघाचे महाधिकारी क्लॉडियो अक्वाव्हिव्हा ह्यांच्या कारकीर्दींत, 1599 मध्यें, ‘रात्सिओ स्तुदिओरुम’ म्हणजे अभ्यासाची व्यवस्था ह्या नांवाचा नियमग्रंथ प्रसिद्ध झाला. जगभरच्या जेज्वीट विद्यालयांचा कारभार ह्या ग्रंथाप्रमाणें चाले. वसईच्या किल्ल्यांतहि ह्या संघाचें विद्यालय होतें, आणि 1739 सालीं मराठ्यांनीं वसई सर करीपर्यंत तें नांदत होतें. आतां ह्या व्यवस्थेंतील मुख्य गोष्ट अशी कीं, ती लॅटिन भाषेसाठीं रचिली होती. आणि लॅटिन ही त्या काळीं कोणत्याहि मुलाची घरची भाषा राहिली नव्हती. इटलीचा मुलगा असो, जर्मनीचा असो कीं वसईचा असो, सर्वांनाच ती मुळापासून शिकावी लागे. म्हणून ही पद्धति मुळांतच परकी भाषा शिकणाऱ्या मुलासाठीं आहे, आणि म्हणूनच आमच्या मुलांस ती आजहि उपयोगी पडते.

त्या ग्रंथांत लेखी परीक्षेचे अकरा नियम दिलेले आहेत. चारशें वर्षें लोटलीं, तरी ते वाचतांना कालच कोणा अनुभवी शिक्षकानें फळ्यावर लिहून दिले आहेत असा भास होतो. विद्यार्थ्यानें वेळेवर हजर राहून विषय व सूचना नीट ऐकाव्या. लेखनाचें सर्व साहित्य स्वतःचें आणावें, म्हणजे कोणापाशीं कांहीं मागण्याचा प्रसंग येणार नाहीं. लेखन आपल्या इयत्तेस साजेसें व स्पष्ट असावें. जो शब्द संदिग्ध असेल त्याचा अर्थ विद्यार्थ्याच्या विरुद्ध बाजूनें घेतला जाईल. आणि अडचण टाळण्यासाठीं एखादा शब्द गाळला किंवा बदलला, तर तीहि चूकच धरली जाईल. जवळ बसलेल्या दोघांचें लेखन सारखें आढळलें, तर दोघांवरहि संशय घेतला जाईल. लिहून झाल्यावर विद्यार्थ्यानें आपल्या जागींच बसून तें काळजीपूर्वक तपासावें व सुधारावें. कारण एकदां कागद हातावेगळा झाला म्हणजे तो परत मिळणार नाहीं. ठरलेल्या वेळांत लेखन पुरें न झालें, तर जेवढें झालें असेल तेवढें द्यावें. आणि ह्याकरितां लिहिण्यास किती वेळ, नक्कल करण्यास किती व तपासण्यास किती, हें प्रत्येकास आधींच नेमकें माहीत असावें.

वाचकहो, ह्या शेवटच्या नियमाकडे विशेष लक्ष द्यावें अशी आमची विनंति आहे. तपासणीचा वेळ हा लेखनाच्या वेळेंतून उरला तर घ्यावयाचा नसून, तो आरंभींच राखून ठेवावयाचा आहे. आमचीं मुलें शेवटच्या क्षणापर्यंत लिहीत राहतात आणि घंटा झाली कीं कागद देऊन मोकळीं होतात. एखाद्या उत्तरास अर्धा तास मिळणार असेल, तर पांच मिनिटें मुद्दे मनांत जुळविण्यास, वीस मिनिटें लिहिण्यास आणि पांच मिनिटें पुनः वाचण्यास, अशी वांटणी मुलाच्या अंगवळणीं पडली पाहिजे. पुनः वाचतांनाहि सर्व चुका एकदम शोधूं नयेत. पहिल्या वाचनांत केवळ क्रियापदें पाहावीं. दुसऱ्यांत ‘अ’, ‘अ‍ॅन’ व ‘द’ हीं उपपदें. तिसऱ्यांत शब्दांचीं अक्षरें. चोरास शोधण्यासाठीं एकाच वेळीं सर्व गांव धुंडाळण्यापेक्षां एकेक आळी पाहणें बरें.

परीक्षेच्या नियमांहूनहि त्या ग्रंथांतील वर्गाचे नियम आम्हांस अधिक मोलाचे वाटतात. शिक्षकानें प्रत्येक विद्यार्थ्याचें लेखन त्याला जवळ बोलावून, हलक्या आवाजांत दुरुस्त करावें, आणि तेवढ्यांत इतरांस लेखनाचा सराव करूं द्यावा, असें त्यांत सांगितलें आहे. हलक्या आवाजांत, हे शब्द ध्यानांत ठेवण्यासारखे आहेत. चारचौघांत चूक वाचून दाखविली म्हणजे मूल चूक सुधारीत नाहीं. तें लिहिणेंच टाळूं लागतें. तसेंच खालच्या वर्गांत धडा समजावून देतांना गरजेप्रमाणें मुलांच्या घरच्या भाषेंत अर्थ सांगावा. घरच्या भाषेंत मजकूर सांगून तो लॅटिनमध्यें उतरवून घ्यावा. आणि आठवडाभर जें शिकविलें त्याची शनिवारीं उजळणी घ्यावी, असेंहि तेथें आहे. मातृभाषा ही परक्या भाषेची वैरीण नसून तिची दाई आहे, हें त्या जुन्या गुरूंनीं ओळखलें होतें.

आतां इंग्रजीकडे वळूं. 1835 मध्यें मेकॉले साहेबांचा प्रसिद्ध लेख सरकारपुढें आला. 1854 मध्यें वुड साहेबांचा शिक्षणविषयक खलिता आला. 1857 मध्यें मुंबई विश्वविद्यालय स्थापन झालें. आणि 1859 सालीं त्याची पहिली प्रवेशपरीक्षा, जिला पुढें आपण सर्व ‘मॅट्रिक’ म्हणूं लागलों, ती घेण्यांत आली. त्या पहिल्या परीक्षेंत उत्तीर्ण झालेल्या मोजक्या विद्यार्थ्यांत महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर हीं दोन नांवें आहेत. एक निफाडास जन्मलेला, दुसरा मालवणास. दोघांच्याहि घरीं मराठीच बोलली जाई. ह्याच रानड्यांनीं पुढें विश्वविद्यालयांत मराठीला पुनः स्थान मिळावें म्हणून आयुष्याच्या अखेरपर्यंत खटपट केली. इंग्रजीची परीक्षा प्रथम जिंकणाऱ्यानेंच मायबोलीसाठीं भांडावें, ह्यांत मोठा अर्थ भरला आहे.

मॅट्रिकच्या त्या युगांत मराठी मुलांचा खरा सोबती म्हणजे तर्खडकरांची भाषांतरपाठमाला. आमच्या वडीलधाऱ्यांपैकीं कित्येकांच्या पेटींत तिची जीर्ण प्रत सांपडेल. तिची रीत साधी होती. व्याकरणाचा एक नियम, त्यावर मराठी वाक्यें इंग्रजींत करण्यासाठीं, आणि इंग्रजी वाक्यें मराठींत करण्यासाठीं. एका पायरीवर पाय घट्ट रोवल्यावांचून दुसरीवर चढावयाचें नाहीं. घरीं इंग्रजीचा गंधहि नसलेल्या मुलांच्या पिढ्यान्पिढ्या ह्या जिन्यानें वर चढल्या.

कॅथोलिक शाळांची कथा ह्याहून नवलाची आहे. 1854 पासून मुंबईच्या धर्मप्रांताची जबाबदारी जेज्वीट संघाकडे येऊं लागली, आणि त्यांत जर्मन धर्मगुरूंचा भरणा मोठा होता. वांद्र्याचें सेंट स्टॅनिस्लॉस 1863 सालीं आणि मुंबईचें सेंट झेवियर कॉलेज 1869 सालीं, अशा संस्था त्यांच्या श्रमांनीं उभ्या राहिल्या. मुंबई इलाख्यांत उत्तम इंग्रजी शिकविणाऱ्या शाळा म्हणून ज्यांचा लौकिक झाला, त्यांतील पुष्कळ गुरूंची स्वतःची मातृभाषा इंग्रजी नव्हतीच. त्यांनींहि ती मोठेपणीं, कोशाचीं पानें उलटून, जिभेला नवें वळण लावून कमावली होती. 1914 सालीं महायुद्ध पेटलें तेव्हां, जर्मन प्रजाजन म्हणून, त्यांच्यांतील कित्येकांना नजरकैद आणि देशत्याग भोगावा लागला. ज्या भाषेच्या सेवेंत त्यांनीं वर्षें वेंचलीं, त्याच भाषेच्या राज्यकर्त्यांनीं त्यांस घालवून दिलें. परंतु त्यांनीं घालून दिलेली शिस्त मात्र शाळांतून राहिली. आईच्या त्या उद्गाराला ह्याहून स्पष्ट उत्तर कोणतें द्यावें? इंग्रजी शिकणारे घरीं मराठी बोलत होते, आणि शिकविणारे घरीं जर्मन बोलत होते. मध्यें होता तो नित्याचा अभ्यास.

ह्या इतिहासाची काळी बाजूहि सांगितली पाहिजे. परीक्षा ही ज्ञानाचें माप न राहतां नोकरीच्या दाराची चाळण झाली, आणि त्या चाळणींतून शेतकरी, कोळी व कष्टकरी ह्यांचीं मुलें आधीं खालीं पडलीं. 1882 च्या हंटर आयोगानेंहि सर्व मुलांस एकाच प्रवेशपरीक्षेकडे हांकूं नये, कांहींसाठीं व्यवहारोपयोगी शिक्षणाची निराळी वाट असावी, अशी शिफारस केली होती. 1952–53 च्या माध्यमिक शिक्षण आयोगानेंहि परीक्षेनें सर्व शिक्षणावर वर्चस्व गाजविल्याबद्दल दोष दिला. ह्या वर्चस्वांतूनच घोकंपट्टी जन्मली. आम्ही स्वतः शाळेंत असतांना दहा-बारा निबंध पाठ करणें हाच अभ्यास समजला जाई. आमच्या एका वर्गबंधूनें ‘रेल्वे स्टेशनवरील एक तास’ हा निबंध अक्षरशः पाठ केला होता. परीक्षेंत आला ‘बाजारांतील एक तास’. त्यानें धैर्य न सोडतां स्टेशन हा शब्द काढून बाजार हा शब्द घातला. परंतु शेवटच्या परिच्छेदांत भर बाजारांतून शिटी वाजवीत गाडी निघून गेली! आम्ही तेव्हां पोट धरून हंसलों. आज मात्र त्या मुलाची कींव येते. कारण त्याला स्वतःचा बाजार रोज दिसत होता, त्याची आई त्याच बाजारांत भाजी विकीत होती, आणि त्याविषयीं इंग्रजींत चार सरळ वाक्यें लिहिण्याचें धैर्य त्याला कोणीं दिलें नव्हतें. हल्लीं तर तयार निबंध भ्रमणध्वनीवर क्षणांत मिळतो. परीक्षेच्या दालनांत तो बरोबर येत नाहीं, आणि त्यानें लिहिलेलें मुलाच्या हाताला वळण लावीत नाहीं.

स्वातंत्र्यानंतर काळ पालटला. मॅट्रिकची जागा एस्. एस्. सी. परीक्षेनें घेतली. मुंबई राज्यांत कांहीं काळ इंग्रजीचा आरंभ आठव्या इयत्तेपर्यंत लांबविण्यांत आला; पुढें मराठी शाळांतून तो पांचवीपासून होऊं लागला; 1975 मध्यें नव्या आकृतिबंधाप्रमाणें दहावीची परीक्षा सुरू झाली; आणि 2000 सालीं महाराष्ट्रांतील मराठी शाळांतहि पहिलीपासून इंग्रजी आली. जुन्या प्रश्नपत्रिकेंतील भाषांतर व मोठा निबंध ह्यांच्या जागीं आतां पत्र, सारांश, वृत्तान्त, भाषण, मुद्द्यांवरून गोष्ट, तक्त्यावरून परिच्छेद असे व्यवहारांतले प्रकार आले आहेत. हा बदल आमच्या मुलांच्या हिताचा आहे. अर्जाच्या पत्राचा सांगाडा ठरलेला असतो: पत्ता, तारीख, संबोधन, विषय, मजकूर, समाप्ति. तो दहा वेळां लिहिला कीं हाताला आपोआप येतो, आणि मग सर्व लक्ष मजकुराकडे देतां येतें. सारांशासाठीं उतारा दोनदां वाचून, मुख्य मुद्दे हेरून, ते स्वतःच्या शब्दांत मांडावयाचे असतात. ह्यांत पाठांतराचें कांहीं काम नाहीं; काम आहे समजुतीचें.

आतां आमच्या मुलांच्या चुका नेमक्या कोठें होतात? त्या मूर्खपणाच्या नसून बहुतेक मराठीच्या वळणाच्या आहेत, हें एकदां ओळखलें म्हणजे निम्मी भीति जाते. मराठींत क्रियापद वाक्याच्या शेवटीं येतें, इंग्रजींत कर्त्याच्या पाठोपाठ. मराठींत ‘घरांत’ म्हणतांना प्रत्यय नामाच्या मागून लागतो. इंग्रजींत तेंच काम करणारा शब्द नामाच्या पुढें उभा राहतो. मराठींत उपपदें नाहींत, म्हणून ‘द’ व ‘अ’ लिहिण्याचें मूल विसरतें. “मी काल आलों होतों” असें आपण सहज म्हणतों, म्हणून मूल लिहितें, ‘आय हॅड कम यस्टर्डे’. तेथें इंग्रजीस साधा भूतकाळ पुरे, ‘आय केम यस्टर्डे’. “आई म्हणाली कीं मी येतें” हें मराठींत शुद्ध आहे. परंतु त्याचें ‘मदर सेड दॅट आय विल कम’ असें केलें तर येणारी आई न राहतां लिहिणारा मुलगाच होतो. तेथें ‘शी वुड कम’ पाहिजे. ज्या मुलाला मराठी वाक्यांतील कर्ता, कर्म व काळ ओळखतां येतात, त्याला हा भेद दोन मिनिटांत समजतो. ज्याची मराठीहि कच्ची, त्याला कोणत्या भाषेंतून समजवावें?

म्हणूनच एका नव्या चालीविषयीं आम्हांस चिंता वाटते. मुलाला इंग्रजी यावें म्हणून कित्येक घरांतून मायबोलीच बंद होत आहे. आईबापांना जें इंग्रजी पुरें येत नाहीं, त्यांतच ते मुलाशीं चार तुटक शब्द बोलतात; त्यामुळें गोष्टी, म्हणी, आजीच्या आठवणी सगळ्या मुक्या होतात. मूल कोणत्या माध्यमाच्या शाळेंत जावें हा ज्याच्या त्याच्या विचाराचा प्रश्न आहे, त्यांत आम्ही पडत नाहीं. परंतु सामवेदी असो, वाडवळी असो, कोळी असो कीं ग्रंथांतली मराठी असो, घरची भाषा भरभरून बोलली गेली पाहिजे. ज्याच्यापाशीं सांगण्यासारखें कांहीं आहे, त्यालाच लिहितां येतें. आणि सांगण्यासारखें जें असतें तें प्रथम आईच्या भाषेंत सुचतें.

आणि आतां त्या आईला उत्तर. बाई, तुम्हांला इंग्रजी येत नसलें तरी तुम्ही मुलाला मदत करूं शकतां. निबंध लिहिण्यापूर्वीं तो विषय त्यानें तुम्हांला आपल्या भाषेंत सांगावा. आधीं काय झालें, मग काय झालें, शेवटीं काय झालें, हें तुम्ही विचारा. जेथें तुम्हांला समजणार नाहीं, तेथें परीक्षकालाहि समजणार नाहीं असें धरून चाला. मग त्यानें तेंच लहान लहान इंग्रजी वाक्यांत लिहावें, तुमच्यासमोर मोठ्यानें वाचावें, आणि प्रत्येक वाक्याचा अर्थ मराठींत सांगावा. ज्याचा अर्थ त्याला सांगतां येणार नाहीं, तें वाक्य त्याचें नव्हे, तें खोडावें. रोज सहा ओळी, ह्याहून अधिक नको. संध्याकाळच्या रोझरींत एकेक मणी पुढें सरकतो आणि माळ पुरी होते. वर्षाच्या अखेरीस ह्या सहा ओळींची एक मोठी वही भरते.

धर्मग्रामानेंहि आपला वांटा उचलावा. ज्या पिढीनें मिस्सेचीं लॅटिन उत्तरें केवळ ऐकून स्वच्छ पाठ केलीं, त्या पिढीचे कांहीं वृद्ध अजून आपल्यांत आहेत. कानांनीं ऐकून परक्या भाषेचा उच्चार येतो, हें त्यांच्याकडे पाहून मुलांस कळेल. पण अर्थावांचून पाठ केलेलें कागदावर उतरत नाहीं, हेंहि तेच सांगतील. आपल्यांत निवृत्त शिक्षक व शिक्षिका आहेत, बँकांतून व कचेऱ्यांतून इंग्रजी पत्रव्यवहारांत आयुष्य घालविलेले बंधुभगिनी आहेत, महाविद्यालयांत शिकणारे तरुण आहेत. शनिवारीं संध्याकाळीं एक तास सभागृहाचें दार उघडें राहील, मुलें आठवड्याच्या वह्या घेऊन येतील, आणि कोणी वडीलधारा एकेका मुलास जवळ बसवून, हलक्या आवाजांत, त्याच्या चुका दाखवील, एवढें झालें तर पुरे आहे. ह्याला मोठा निधि नको. ज्युबिलीनिमित्त उभारलेल्या कमानी काढल्या जातील, रोषणाई विझेल. परंतु असा एक तास सुरू झाला, तर तो पुढच्या ज्युबिलीपर्यंत टिकणारें स्मारक होईल.

गुणपत्रिकेंतील आंकडा हा मुलाच्या आत्म्याचें मोल नव्हे, हें आईबापांनीं विसरूं नये, आणि इंग्रजींत नापास झालेल्या मुलास घरांत कोणीं पडेल दृष्टीनें पाहूं नये. इंग्रजी हें एक अवजार आहे. वाडींतल्या कुदळीसारखें तें नित्य वापरानें झिजून हाताला बसतें. वसईच्या ज्या पुत्रानें परक्या देशाची भाषा शिकून तीच प्रभूच्या सेवेस लावली, ते संत गोन्सालो गार्सिया आमच्या मुलांसाठीं परमेश्वरापाशीं विनवणी करोत. आणि पवित्र आत्मा, जो पेन्टेकोस्टच्या दिवशीं प्रत्येकाशीं त्याच्या त्याच्या भाषेंत बोलला, तो आमच्या मुलांच्या जिभेस व लेखणीस बळ देवो, अशी ह्या शुभ वर्षीं आमची नम्र प्रार्थना आहे.